घरात केमो सुरू, नोकरी गेलेली, आणि प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत. अशा कुटुंबाला नेमकं काय द्यावं?

घरभेट_भायखळा (प्रश्न)

जय ख्रिस्त. आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) घरभेट गटासाठी विचारते आहे. कुटुंब बदलापूरला राहतं. कर्त्या माणसाची नोकरी गेली आहे, पत्नीची केमो परळला चालू आहे, दोन मुलं शाळेत आहेत. दोघंही वर्षानुवर्षं उपासनेला येणारी. आता म्हणतात की गुडघे टेकले तरी तोंडून शब्द निघत नाही, आणि शब्द निघत नाही म्हणून वर अपराधी वाटतं. मंडळीचे लोक सकाळ-संध्याकाळ बायबलची वचनं फॉरवर्ड करतात, त्याने ती अधिकच गप्प झाली आहेत.

"विश्वास धरा" हे त्यांना सगळ्यांनी सांगून झालंय. मला करता येण्यासारखं हवंय. काय वाचायचं, किती वेळ, कोणी वाचायचं, आणि भेटीला गेल्यावर काय टाळायचं? कॅथलिक बंधुभगिनींनीही सांगावं.

स्तोत्रपाठ

ताई, शब्द न सुचणं म्हणजे विश्वास आटला असं नव्हे, हे त्यांना आधी सांगा. बायबलात रोमकरांस ८:२६ मध्ये प्रेषित पौल स्वतःला धरून "आपण" म्हणतो: प्रार्थना कशी करावी ते आपल्याला ठाऊक नसतं, तेव्हा आत्मा कण्हत कण्हत आपल्यासाठी मध्यस्थी करतो. प्रेषिताची ही स्थिती, तर केमोच्या खुर्चीत बसलेल्या बाईकडून सुंदर प्रार्थनेची अपेक्षा कशाला?

स्वतःचे शब्द नसतील तर उसने घ्यायचे. बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. रविवारच्या उपासनेत ती फारशी वाचली जात नाहीत, म्हणून देवापुढे तक्रार करणं पाप आहे असा समज आपल्यात बसला आहे. येशूने वधस्तंभावर २२व्या स्तोत्राची पहिली ओळ उच्चारली. तीही तक्रारच आहे.

सुरुवात स्तोत्र १३ ने करा. फक्त सहा वचनं, सावकाश मोठ्याने वाचली तरी दीड मिनिट पुरतं. पहिल्या दोन वचनांत "कोठवर?" हा प्रश्न चार वेळा येतो. पुढच्या दोनांत मागणी आहे, शेवटच्या दोनांत भरवसा. आठवडाभर हेच स्तोत्र ठेवा. रोज नवं वाचायला दिलं की माणूस अर्थ लावण्यात दमतो, आणि दमलेल्याला पाठांतराचा आधार मिळतच नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी शब्द आपोआप ओठांवर येतात. हवे असतात ते त्याच वेळी: रात्री अडीचला, किंवा सुई टोचताना.

दुसऱ्या आठवड्यापासून त्याच साच्यात स्वतःचं स्तोत्र लिहायला सांगा. चिठ्ठीवर चार ओळी पुरतात.

१. हाक. "हे परमेश्वरा" एवढंच चालेल.

२. तक्रार. ही गोल-मोल नको. "आमच्यावर संकट आहे" असं लिहून मन हलकं होत नाही. "तिच्या तोंडात फोड आलेत, पाणीसुद्धा गिळवत नाही, आणि तू गप्प आहेस" असं लिहायचं.

३. मागणी. लहान आणि उद्यापुरती. "उद्याच्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी पुरेशा येऊ देत, केमो पुढे ढकलली जाऊ नये."

४. भरवसा. हा येत नसेल तर जागा कोरी सोडायची. खरंच कोरी. ८८व्या स्तोत्राची १८ वचनं अंधारात संपतात, शेवटी उजेड नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

चूक बहुतेक वेळा घाईत होते. भेटीला गेलेला माणूस त्यांना ओढून चौथ्या ओळीवर नेतो. १३व्या स्तोत्रातला "पण" पाचव्या वचनात येतो, चार वचनं भोगून झाल्यावर. तो पहिल्या मिनिटाला उच्चारला तर ऐकणाऱ्याला वाटतं, आपलं दुःख कोणी ऐकूनच घेतलं नाही.

एक व्याकरणाची गोष्ट सांगतो, पण ती फार कामाची आहे. २३व्या स्तोत्रात पहिल्या तीन वचनांत मेंढपाळाबद्दल "तो" म्हटलं आहे. चौथ्या वचनात मृत्युच्छायेची दरी आली की एकदम "तू" येतं: तू माझ्याबरोबर आहेस. म्हणून "देव असं का करतो?" हा प्रश्न कुटुंबाच्या तोंडी आला की वाद घालू नका. हळूच सांगा, हाच प्रश्न "तू" म्हणून विचारा. तेवढ्याने ती प्रार्थना होते.

प्रवासासाठी: बदलापूरहून येताना मळमळ होत असेल तर वाचायला लावू नका, नवऱ्याच्या आवाजात स्तोत्र रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकू द्या. ठाणे सुटलं की एकदा, घाटकोपरला एकदा, दादर यायच्या आधी एकदा. स्टेशनं ठरलेली असली की लक्षात ठेवावं लागत नाही.

आणि हिज्कीया राजा आठवा, २ राजे १९:१४. धमकीचं पत्र आलं तेव्हा त्याने ते मंदिरात नेऊन परमेश्वरापुढे पसरून ठेवलं, मग प्रार्थना केली. रुग्णालयाचं बिल, कंपनीचं पत्र, शाळेची फीची नोटीस टेबलावर उघडी ठेवा आणि हात त्या कागदांवर ठेवून बसा. काही बोललं नाही तरी चालेल.

नोव्हेना_माहीम

कॅथलिक बाजूने लिहिते. आमच्याकडे अशा वेळी तीन गोष्टी हाताशी असतात: जपमाळ, नोव्हेना (नऊ वेळा करायची प्रार्थना) आणि आजाऱ्यांचा अभ्यंगसंस्कार. तिसऱ्याबद्दल गैरसमज सगळ्यात जास्त, म्हणून तोच आधी घेते.

अभ्यंगसंस्कार फक्त मरणाऱ्यांसाठी नाही. पूर्वी त्याला अंतिम अभ्यंग म्हणत, त्यामुळे फादर तेल घेऊन आले की घरात रडारड व्हायची. १९७२ मध्ये पोप पॉल सहावे यांनी या संस्काराचा विधी बदलला. गंभीर आजार, मोठी शस्त्रक्रिया, म्हातारपणाची दुर्बलता, या सगळ्यांत तो देता येतो, आणि आजार वाढला तर पुन्हा घेता येतो. फादर कपाळाला आणि हातांना तेल लावतात. रुग्ण शुद्धीवर असताना, उत्तरं देता येत असताना घ्यावा. शेवटच्या तासासाठी राखून ठेवू नये. रुग्णालयात हवा असेल तर सहसा त्या भागातल्या पॅरिश ऑफिसला (चर्चच्या कार्यालयाला) फोन करावा लागतो, आपल्या घराजवळच्या नव्हे. भेटीच्या वेळा वॉर्डच्या सिस्टरना आधी विचारा.

घरी कम्युनियन (पवित्र प्रसाद) आणणार असतील तर छोटं टेबल, पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती आणि पेलाभर पाणी लागतं. घरात ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती अजिबात पेटवायची नाही. तोंडात फोड असतील तर आधीच सांगून ठेवा, होस्तियाचा (प्रसादाच्या भाकरीचा) अगदी बारीक तुकडा पाण्याबरोबर देता येतो.

जपमाळ पूर्ण करायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. आजाऱ्याला एक दशक (दहा मणी) पुरे, तीन-चार मिनिटांचं. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची रहस्यं (येशूच्या दुःखाचे प्रसंग) असतात, त्यातलं पहिलं गेथशेमाने बागेतल्या प्रार्थनेचं. बोलायची ताकद नसली तरी मणी बोटांतून सरकत राहतात, आणि बाजूला बसलेला माणूस "नमो मारिये" म्हणतो. प्रार्थना दोघांची होते.

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नित्य साहाय्य मातेची नोव्हेना चालते, मराठीतही असते, आणि सगळ्या धर्मांची माणसं येतात. नऊ बुधवार करायची रीत आहे. पण केमो चालू असलेल्या बाईला त्या गर्दीत उभं करू नका, तिच्या वतीने दुसऱ्या कोणी जावं. नववा बुधवार हा करार नाही हेही पहिल्याच दिवशी सांगा. नऊ पूर्ण झाले आणि रिपोर्ट वाईट आला तर "आपलंच काहीतरी चुकलं" असं लोक धरून बसतात, मग चर्चचं तोंडही पाहवत नाही. नोव्हेनाने नऊ आठवडे देवापुढे उभं राहण्याची सवय लागते. तेवढं वचन देता येतं, रिपोर्टचं देता येत नाही.

वॉर्डभेट

वरचं सगळं पटलं, फक्त एक जोड: ८८वं स्तोत्र वॉर्डात मोठ्याने वाचू नका. शेजारच्या खाटेवर कोण आहे, कालच काय ऐकून आलंय, हे आपल्याला ठाऊक नसतं. ते घरी, रुग्णाने मागितलं तर. वॉर्डात १२१ चांगलं, आठ वचनं, हलक्या आवाजात, रुग्णाच्या कानाजवळ.

भेटीबद्दल. दोघांनीच जायचं. दहा-पंधरा मिनिटं. जायच्या आधी फोन, आणि "आज नको" म्हटलं तर लगेच "बरं". सर्दी-खोकला असलेल्याने जायचंच नाही. केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात आणि आपलं साधं पडसं तिला ताप आणतं. फुलं नेऊ नका, त्याच कारणाने. अत्तर, गजरा, तळलेल्या डब्याचा वास यानेही उलटी होते. हात धुवायचे, मास्क लावायचा, खाटेवर बसायचं नाही, खुर्ची ओढून डोळ्यांच्या पातळीवर बसायचं. डोक्यावर हात ठेवायच्या आधी विचारायचं. केस गळत असतात, त्वचा दुखत असते.

ईयोबाचे तीन मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत (ईयोब २:१३). तेवढं त्यांनी बरोबर केलं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर, आणि ४२:७ मध्ये परमेश्वर त्यांच्यावरच रागावतो. ज्या वाक्यांनी ते चुकले ती आजही चाळीचाळीत ऐकू येतात: काहीतरी पाप असेल, विश्वास कमी पडला असेल, देव परीक्षा घेतोय. यांतलं एकही बोलायचं नाही. "कितवी स्टेज?" हेही नाही. "काही लागलं तर सांगा" हेसुद्धा टाळा, कारण लागलेलं सांगायला जी ताकद लागते तीच नसते. त्याऐवजी "गुरुवारी मी मुलांचा डबा आणते, भाजी कुठली चालेल?" असं विचारा.

फॉरवर्डबद्दल. यिर्मया २९:११ सगळ्यात जास्त फिरतं: तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत. ते बाबेलला कैद करून नेलेल्यांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. त्याच्या आदल्याच वचनात ७० वर्षं सांगितली आहेत, आणि पाचव्या वचनात म्हटलंय, तिथेच घरं बांधा, मळे लावा. म्हणजे सुटका लांब आहे, तोवर तिथेच जगायचं आहे, आणि देव तिथेही आहे. केमोच्या सहा-आठ महिन्यांना हे पत्र फार जवळचं आहे, पण संपूर्ण वाचलं तर. सुटं अकरावं वचन पाठवलं की ते पुढच्या आठवड्याचं आश्वासन वाटतं.

घरभेट_भायखळा

सगळ्यांचे आभार. चिठ्ठीची गोष्ट आजच कळवते. आणखी तीन अडचणी आहेत. एक, कोणीतरी त्यांना सांगितलंय की एका आरोग्यसभेत (प्रार्थनेने आजार बरे होतात म्हणणाऱ्या सभेत) ठरावीक दान पेरा आणि औषध थांबवा, तरच विश्वास खरा. दोन, मंडळीत पैसे गोळा करायचे आहेत, पण मागच्या वेळी त्यावरून कुरबुरी झाल्या. तीन, नवरा झोपत नाही. परवा म्हणाला, "मी नसलो तर यांचं ओझं कमी होईल."

वॉर्डभेट

तिसरी गोष्ट आधी, आणि आजच. हे वाक्य नुसतं दुःखाचं समजून सोडू नका. कोणीतरी विश्वासातला पुरुष आज त्याच्याजवळ बसू दे आणि त्याने सरळ विचारू दे: "जीव द्यायचे विचार येतात का? कसं करायचं ठरवलंय का?" विचारल्याने असले विचार डोक्यात घुसत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर त्याला एकटं ठेवू नका, घरातल्या औषधांचा साठा दुसऱ्याच्या ताब्यात द्या, आणि जवळच्या मोठ्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयात मानसोपचार विभागाकडे घेऊन जा. रात्रीची वेळ असेल तर अपघात विभागात. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

"विश्वासू माणसाला असे विचार येत नाहीत" असं कोणी म्हणालं तर १ राजे १९ उघडून द्या. एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवतो, पुन्हा खायला देतो, आणि म्हणतो की वाट तुला झेपणारी नाही. परमेश्वराशी बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांचा रस्ता चालून झाल्यावर होरेब डोंगरावर होतं. जेवण आणि झोप आधी. एका रात्री रुग्णाजवळ दुसरं कोणी थांबलं आणि हा माणूस सलग सात तास झोपला, तर ती मंडळीची मोठी सेवा समजा.

नोव्हेना_माहीम

औषध थांबवायला सांगणाऱ्याला उत्तर शास्त्रातच आहे. हिज्कीया आजारी पडला, रडून प्रार्थना केली, परमेश्वराने ऐकली आणि पंधरा वर्षं वाढवून दिली. तरीही संदेष्टा यशया म्हणतो, अंजिरांची चांदकी आणून गळवावर बांधा (२ राजे २०:७). प्रार्थना ऐकली गेली होती, तरी लेप लावलाच. पौलही तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असं लिहितो. केमोचं चक्र मध्येच सोडलं तर आजाराला पुन्हा डोकं वर काढायला वाव मिळतो. शंका असेल तर ती कर्करोगतज्ज्ञापुढे मांडायची, सभेत नाही.

आणि "इतकं दान पेरा, तितकं आरोग्य उगवेल" म्हणणाऱ्याला नोकरी गेलेल्या घरातून एक रुपयाही देऊ नये. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये शिमोन देवाचं दान पैशाने मिळवायला गेला तेव्हा पेत्राने त्याला काय सुनावलं ते वाचून दाखवा.

याकोब ५:१४ मध्ये तेल लावून प्रार्थना करायला मंडळीच्या वडिलांना (ज्येष्ठ पुढाऱ्यांना) बोलवा असं आहे. वडिलांना, म्हणजे अनेकांना, आणि आजाऱ्याने स्वतः बोलवायचं. बाहेरून कोणी येऊन गाजावाजा करण्याची तिथे जागा नाही.

मंडळी_खजिनदार

पैशावरून कुरबुरी होतात त्या बहुतेक एकाच कारणाने: पैसे एकाच माणसाच्या हातून गेले आणि कोणाला कळलं नाही. पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना तीताबरोबर आणखी माणसं पाठवतो आणि कारणही लिहितो, एवढ्या रकमेवरून कोणी आम्हाला दोष देऊ नये म्हणून (२ करिंथ ८:१८-२१). आपणही तसंच करायचं.

पास्टोरेट कमिटीत (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीत) ठराव करून घ्या. त्यात रक्कम, मुदत आणि दोन सह्या करणारे. मुदत तीन महिन्यांची ठेवा, मग पुन्हा बसा. आधीच सांगितलेली थोडी रक्कम नियमित मिळाली तर घर चालवता येतं; एकदम मोठी मिळून नंतर बंद झाली तर उधारी वाढते. शाळेची फी शाळेत, औषधाचे पैसे मेडिकलवाल्याकडे थेट भरा आणि पावती फाइलला लावा. हातात द्यायची ती फक्त भाड्याची आणि भाजी-दुधाची रक्कम. व्यासपीठावरून कुटुंबाचं नाव घेऊ नका. "आपल्यातलं एक कुटुंब" पुरे. कर्ज म्हणून देऊ नका. परत करता आलं नाही की माणूस लाजेने उपासनेलाच येईनासा होतो, आणि गरज असते तेव्हाच मंडळी सुटते. दहा हजार उसने देण्यापेक्षा चार हजार देऊन टाका.

येशूच्या गोष्टीतल्या, वाटेत जखमी पडलेल्या माणसाला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा हिशोबही बघा. दोन दिनार भठियाऱ्याला (उतारशाळेच्या मालकाला) दिले, दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी, आणि वर लागेल ते परत येताना देईन म्हणाला. तो परत येणार होता हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मंडळीच्या पैशाआधी जे हक्काचं आहे ते मिळवा. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा. रेशन कार्ड, आधार, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, निदानाचा रिपोर्ट, प्रत्येकी तीन झेरॉक्स. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्राचं (योजनेच्या मदतनिसाचं) टेबल असतं. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. ते मागावं लागतं, कोणी आपणहून सांगेलच असं नाही. कॅन्सरच्या रुग्णांना लोकलच्या दिव्यांग डब्यातून प्रवासाची मुभा आहे, रुग्णालयाचे कागद जवळ ठेवा. आणि कागदांच्या रांगेत उभं राहायला मंडळीतला एक निवृत्त माणूस द्या. ही सेवा पैशाइतकीच मोलाची आहे.

स्तोत्रपाठ

वॉर्डभेट यांची दुरुस्ती मान्य, ८८ घरीच.

मुलांचा विषय राहिला. रात्री झोपायच्या आधी पाच मिनिटं: उपासना संगीत या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातलं एखादं भजन, शक्यतो ना. वा. टिळकांचं, एकच कडवं, पेटी-तबल्याशिवाय. कडवं मुलांनी निवडायचं. मग स्तोत्र ४ चं आठवं वचन सगळ्यांनी मिळून, मी स्वस्थपणे पडेन आणि झोपी जाईन, तेवढंच. आईला बोलवत नसेल तर तिने नुसतं ऐकायचं. लांब प्रार्थना मुलांसमोर करू नका. मोठ्यांच्या भीतीचे सगळे तपशील त्यांना त्यातूनच कळतात.

"आई बरी होईल ना?" असं विचारलं तर "देव नक्की बरी करणार" हे वचन आपण देऊ नये, ते आपल्या हातात नाही. "गप्प बस" हेही नको. सांगायचं असं: डॉक्टर औषध देतायत, आपण देवाजवळ रोज मागतोय, आणि मंगळवारी आई-बाबा परळला असतील तेव्हा शाळेतून आल्यावर अमुक मावशी घरी असेल. मुलं तिसरा भाग सगळ्यात नीट ऐकतात. म्हणून त्या मावशीचा वार आधी पक्का करा, तिच्याकडे घराची किल्ली देऊन ठेवा, मगच मुलांशी बोला.